अक्षराच्या मधला श्वास

संगीताची पानं छापायचा तो प्रोग्रॅम फुकट मिळत होता, एवढाच त्याचा एक गुण संध्याला सापडला होता. बाकी सगळा जाच. पडद्यावर सूर लिहायच्या पाच रेघा दिसत नाहीत, सूर उचलून इकडचा तिकडे ठेवता येत नाही. सगळं लिहून द्यायचं. आधी सुराचं अक्षर, त्याला चिकटून तो किती वेळ धरायचा त्याचा आकडा, आणि खाली महिरपी कंसात गाण्याचे शब्द. शब्दही अख्खे चालत नाहीत. प्रत्येक उच्चार सुटा करायचा आणि मध्ये दोन आडव्या रेघा द्यायच्या. मग कळ दाबली की प्रोग्रॅम ते वाचतो आणि छापायजोगं पान करून देतो. एखादा कंस राहिला तर पान नाहीच, नुसती तक्रारींची भेंडोळी.

हिंगोलीच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक शोधून काढण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं. त्यामुळे चिकाटी होती, पण या प्रोग्रॅमने तीही घासत आणली होती. सुरुवातीला मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. चौकोन गेले तेव्हा मात्रा सुट्या पडल्या. मात्रा जागेवर आल्या तेव्हा कळलं, की दोन सूर जोडून घ्यायची कमान त्यांच्यावर काढली असेल तर प्रोग्रॅम दोघांना मिळून एकच उच्चार देतो. तिनं दोन दिले होते, म्हणून सगळं गाणं एका घराने पुढे सरकलं होतं.

"काय करून राहिली तू सकाळधरनं?" बाबांनी ओसरीतून विचारलं.

"गाणं बसवतेय."

"बसून राहिलीस तू. गाणं कुठं बसलंय?"

बाबा, म्हणजे मुंजाजी, राखीव पोलीस दलाच्या बँडात क्लॅरनेट वाजवायचे. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. नोटेशन वाचणं त्यांना पेपर वाचण्यासारखं. पण काचबिंदूने नजर खाल्ली, आणि स्वतःच्याच हाताने उतरवलेले बारीक सूर आता त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखे दिसत. या प्रोग्रॅममध्ये एक आकडा बदलला की पाच रेघा हव्या तेवढ्या मोठ्या व्हायच्या. संध्याने हा जाच पत्करला तो एवढ्यासाठी.

गाणं आईचं होतं. जनकाबाईने ते साखऱ्याच्या, त्यांच्या गावच्या, रानात रचलं, प्रौढवर्गात जाऊन ती सही करायला शिकली त्या वर्षी. खुरपायला येणाऱ्या बायांनी ते उचललं, तिथून ते विहारात गेलं, आणि बाबांनी त्याला क्लॅरनेटची साथ दिली.

हात मातीचे धुऊन ये गं, पाटीवरती नाव लिही,
ज्या रानाची खुरपण केली, त्या रानाचं गाव लिही.
अक्षर अक्षर जोडत जा गं, वाकडं आलं तरी लिही,
दमलीस तर बस घडीभर, पुढची ओळ मग लिही.

येत्या रविवारी आईला जाऊन वर्ष होणार होतं. पहिल्या स्मृतिदिनाला साखऱ्याच्या विहारात बाया हे गाणं म्हणणार होत्या आणि बाबा वाजवणार होते. छातीच्या डॉक्टरांनी फुंकायचं वाद्य बंद सांगितलं होतं. "एक गाणं, एक डाव," बाबा म्हणाले होते, आणि त्यांच्या आवाजावरून संध्याने ओळखलं होतं की वाद घालण्यात अर्थ नाही.

सुरांखाली शब्द हवेतच, हा त्यांचा हट्ट. "शब्द न्हाई तर दम कुठं घ्यायचा? शब्दाबिगर वाजवलं की बँड होतो. गाणं होत न्हाई." ओळ संपली की दम, शब्दाच्या मध्ये कधीच नाही, हे त्यांनी बँडातल्या कितीतरी जणांना दरडावून शिकवलं होतं. दम घ्यायची जागा म्हणजे रेघांच्या वर एक छोटासा स्वल्पविराम. प्रोग्रॅममध्ये त्याच्यासाठी वेगळी आज्ञा होती. संध्याने ती प्रत्येक ओळीच्या शेवटी लिहिली.

कमानीची चूक सुधारली आणि तिने पुन्हा कळ दाबली. पहिल्या दोन ओळी चोख आल्या. तिसऱ्या ओळीपाशी शब्द पुन्हा घसरले.

ती वैतागून पडद्याजवळ गेली. दुसऱ्या 'अक्षर'मधल्या 'अ'नंतर एक सूर रिकामा होता, आणि 'क्षर' त्याच्या पुढच्या सुराखाली जाऊन बसलं होतं. रिकाम्या सुराच्या अलीकडे, रेघांच्या वर, एक स्वल्पविराम होता.

तो तिने लिहिला नव्हता. फाइलीत शोधलं. दम घ्यायची आज्ञा ओळींच्या शेवटीच होती, बाकी कुठेच नाही.

तिने त्या सगळ्या आज्ञा पुसल्या. ओळींच्या शेवटचे स्वल्पविराम गेले. 'अक्षर'मधला राहिला. त्याच्या पुढे 'वाकडं'मध्ये आणखी एक होता, चौथ्या ओळीत तर कितीतरी. प्रत्येकापुढे एक सूर रिकामा, त्यामुळे शब्द मागे मागे पडत गेलेले. सूर संपले तेव्हा शब्द 'पुढची'पाशीच होते. 'ओळ मग लिही' छापलंच नव्हतं, त्याला सूरच उरले नव्हते.

मग तिने शेवटी जादा सूर घातले, निदान शब्द तरी पुरे होतील म्हणून. पान आलं. जेवढे सूर वाढवले होते तेवढेच स्वल्पविराम वाढले होते. गाणं 'पुढची'वरच संपत होतं.

संध्याने जादा सूर काढून टाकले, लॅपटॉप मिटला आणि भाकरी टाकायला उठली. पहिली भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी ती फाइल घेऊन कॉलेजच्या संगणक विभागात गेली. तिथे शिकवणारी शितल तिच्याहून लहान, तोंडाने फटकळ आणि कामात पक्की.

"मशीन खोटं बोलत नाही, ताई. माणसंच उलटं टाइप करतात," ती म्हणाली. "सरका."

शितलने सगळं नव्याने टाइप केलं, स्वतःच्या हाताने, दुसऱ्या मशीनवर. आधी नुसते सूर. पान स्वच्छ आलं. मग शब्दांच्या जागी 'ला ला ला' घातलं. स्वच्छ. मग आठवड्याचे वार घातले, सोमवारपासून पुन्हा पुन्हा. प्रत्येक उच्चार आपल्या सुराखाली शहाण्यासारखा बसला.

"बघा. आता तुमचे शब्द सांगा."

संध्या सांगत गेली, शितल टाइप करत गेली. शितलने कळ दाबली.

पान बघून ती पुढे वाकली. मग खुर्ची मागे घेऊन तिने फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. पुन्हा वाचली. शेवटी दुसरा 'अक्षर' एवढा एकच शब्द पुसून त्या जागी 'मंगळ' लिहिलं आणि कळ दाबली. तिसऱ्या ओळीतला पहिला स्वल्पविराम गेला. तिने 'मंगळ' काढून 'अक्षर' लिहिलं. तो परत आला.

"हे कुणाचं गाणं?"

"आईचं."

शितलने फाइल पेनड्राइव्हवर घालून तिच्या हातात दिली. मग तिच्यादेखत ती आपल्या मशीनवरून पुसली, आणि पुसलेल्या फाइली जिथे जातात तिथूनही पुसली. "राग नका मानू, ताई," ती म्हणाली. "माझं लेकरू येतं इथं खेळायला."

संध्याला रागच आला होता, पण शितलचा नाही. तिने आयुष्यभर पुस्तकं वाचली होती, भुताखेतांचीही वाचली होती आणि ती कथा-कादंबरीच्या कपाटात लावली होती. कारण असणारच, ते आपल्याला सापडत नाही एवढंच. तोवर काम अडता कामा नये. घरी येऊन तिने नुसते सूर मोठे करून छापले आणि शब्द जाड पेनाने हाताने लिहिले, जिथल्या तिथे. दम ओळीच्या शेवटी.

बाबांनी तो कागद खिडकीपाशी नेला, डोळ्यांना लावला, बोटाने ओळी चाचपल्या.

"हे तू लिहिलंस."

"हो."

"मशीनमधनं निघालेलं कुठं है?"

"ते चुकलंय, बाबा. शब्द घसरलेत."

"दाखव तर."

तिने नाइलाजाने ते पान जरा मोठं करून छापून दिलं. बाबा खुर्ची ओढून उन्हाच्या पट्ट्यात बसले. बोट पहिल्या ओळीवरून सरकलं, दुसरीवरून सरकलं, तिसरीत थांबलं. मग फार हळू पुढे जायला लागलं. प्रत्येक स्वल्पविरामापाशी बाबा थोडी हवा आत घेत होते, वाजवणारा माणूस मनातल्या मनात वाजवतो तशी.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"काय?"

"हितं ती दम घ्यायची." त्यांनी 'अक्षर'वर बोट टेकवलं. "नांदेडला. वॉर्डात होती तवा. तू कपडे आणायला गेलती गावाकडं. मला म्हनली, अहो, सूर द्या. म्या तोंडानंच दिला. तवा तिला अख्खा शब्द पुरला न्हाई. हितंच तुटली."

 आईची फुप्फुसं आतून आवळत चालली होती. शेवटी शेवटी तिला एका वाक्यात दोनदा थांबावं लागे, आणि थांबली की ती हसायची, जणू घास अडकलाय.

"वाकडंमध्ये दुसरा. बराबर है." बोट तिसऱ्या ओळीच्या टोकाला आलं. "हितपर्यंत मला ठाऊक है. हितं सिस्टर आली आन् तिला आत घेऊन गेली."

चौथी ओळ त्यांनी चाचपली नाही.

आत, म्हणजे काचेच्या दारापलीकडे. तिथे नातेवाइकांना सोडत नव्हते. बाबा बाकावर बसून होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं तेव्हा सगळं झालेलं होतं. शेवटी तिच्याजवळ कोण होतं, ती काही बोलली का, हे त्यांनी बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. शांत गेल्या, एवढंच सगळ्यांनी सांगितलं. वर्षभर ते तोच प्रश्न कोणा ना कोणाला विचारत होते. कधी संध्याला, कधी दूधवाल्याला.

"ही ओळ आतली है," बाबा म्हणाले.

"बाबा, प्रोग्रॅमची चूक आहे ती. मी दुरुस्त करणार आहे."

"काहून?"

"चौथ्या ओळीत केवढे स्वल्पविराम आहेत बघा. असं वाजवलं तर तुमची छाती टिकेल का?"

"तिची टिकली का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "एकटी व्हती ती, बाई. म्या बाहेर बाकड्यावर. आता रविवारी म्या तिच्यासंग जाईन, जितपर्यंत ती गेली तितपर्यंत. हेच पान छाप. मोठं छाप."

शनिवारपर्यंत संध्याने आणखी कितीदा तरी खटपट केली. प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला, अक्षरांचा टाइप बदलला, उच्चारांमधल्या आडव्या रेघा एकेक करून तपासल्या. बाबा ओसरीत तीन ओळी वाजवून बघायचे आणि चौथीशी थांबायचे. "ती त्याच दिवशी," म्हणायचे. शेवटी तिने हात टेकले आणि तेच पान मोठं करून छापलं.

रविवारी सकाळी विहाराच्या पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या. हरभरा निघालेला, गहू उभा होता, वाऱ्याला धुळीचा वास होता. पुसेगावहून भीमराज आले होते. बँडात ते ड्रम वाजवायचे, आणि निवृत्त झाल्यापासून बाबांना छळायचं काम त्यांनी मनावर घेतलं होतं.

"मुंज्या, मी दिसतो का तुला? मी दिसत न्हाई आन् नोट दिसनार हैत?"

"तुला कशाला पाहू? तुझं तोंड पाठ है मला."

"पान मोठं छापलंय का तंबू?"

बाया हसल्या. संध्याने पान स्टँडवर लावलं. ते तिने बाबांखेरीज तिथल्या कोणालाही दाखवलं नव्हतं, आणि दाखवलं असतं तरी त्या पाच रेघा बायांपैकी कोणाला वाचता येत नव्हत्या. बायांना गाणं पाठ होतं. जनकाबाईने शिकवलेलं, रानात, ओळ धरून.

त्रिसरण-पंचशील झालं. आईच्या फोटोपुढे फुलं वाहिली गेली. बाबांनी क्लॅरनेट ओठाला लावलं.

पहिल्या दोन ओळी खुरपणीच्या लयीत गेल्या, मोकळ्या आणि ठसठशीत. मागे बसलेल्या म्हाताऱ्या जिवनबाई मांडीवर ताल धरत होत्या.

तिसरी ओळ आली. अक्षर. अ.

सगळ्या बाया थांबल्या. एकदम. आणि सगळ्यांनी मिळून श्वास घेतला.

'क्षर' त्यानंतर आलं.

संध्याने भीमराजांकडे पाहिलं. ते ड्रमवर काठ्या अधांतरी धरून बायांकडे बघत होते. बाबांचे डोळे पानावर होते. 'वाकडं'च्या मध्येही तसंच झालं.

चौथी ओळ.

'दमलीस'मधलं 'दम'. पुन्हा श्वास. दोन उच्चार, पुन्हा श्वास. बायांच्या चेहऱ्यांवर काही नव्हतं. आपण काही वेगळं करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. तो आवाज पटांगणभर येत होता, पन्नासेक छात्यांमधून एकच, कोरडा, वरवरचा, घशाखाली न उतरणारा.

तो आवाज संध्याला माहीत होता.

बाबांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. ती उठायला लागली. भीमराजांनी न बघताच हाताने तिला खाली बसवलं.

बस. श्वास. घडी. श्वास. भर.

पुढ.

श्वास.

ची.

आणि सूर संपले.

कोणी पुढचं म्हटलं नाही. बाबांनी क्लॅरनेट मांडीवर ठेवलं. 

जिवनबाईंनी तोंडावरून पदर फिरवला. "शब्द तोंडात व्हते गं," त्या शेजारणीला म्हणाल्या. "सूरच सरला."

बाबा घामाने भिजले होते, पण श्वास ठीक चालला होता. संध्याने त्यांना पाणी दिलं. ते पिऊन ते म्हणाले, "पुढचीपर्यंत आलती ती. गात व्हती. रडत-ओरडत न्हाई, गात व्हती." मग त्यांनी भीमराजांना जेवणाचं विचारलं.

त्यानंतर बाबांनी तो प्रश्न कोणालाही विचारला नाही. जेवण सुधारलं. दुपारी झोप लागायला लागली. आठवड्याने संध्याने भीत भीत आईची फाइल उघडली आणि काही न बदलता कळ दाबली. पान स्वच्छ आलं. एकही स्वल्पविराम नाही, प्रत्येक उच्चार आपल्या सुराखाली, आणि शेवटी 'ओळ मग लिही' पूर्ण. तिने ते दोनदा तपासलं. मग कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

"आता माझं घे," एका सकाळी बाबा म्हणाले.

"तुमचं कुठलं?"

"है एक. लग्न झालं तवा केलतं, तिच्यासाठी. म्हनून दाखवलं न्हाई कधी. लाज वाटायची."

"मग वाजवायचं तरी."

"बँडात वाजवलं की. मार्च म्हनून." ते मिशीत हसले. "कोनाला पत्ता न्हाई."

दोन दिवस बाबा सूर सांगत गेले आणि संध्या लिहीत गेली. गाणं लांब होतं, बरीच कडवी, बाबांनी दर कडव्याला सूर थोडे थोडे फिरवलेले. आता तिचा हात बसला होता, एक कंस चुकला नाही. नुसत्या सुरांची तीन पानं झाली, देखणी आणि स्वच्छ. मग बाबा ओसरीत बसून शब्द सांगायला लागले. मध्येच थांबायचे, लाजायचे, "हे गाळ" म्हणायचे आणि पुन्हा घालायला लावायचे. संध्या उच्चार सुटे करत गेली. दम घ्यायची आज्ञा तिने एकदाही लिहिली नाही. ते शेवटी एकदम घालू, असं ठरलं होतं.

तिने कळ दाबली.

पहिल्या पानावर स्वल्पविराम होते. लांब लांब, ओळीच्या टोकाला, भरल्या छातीच्या वाजवणाऱ्याचे. शब्दाच्या मध्ये एकही नाही.

दुसरं पान अर्ध्यापर्यंत तसंच होतं. अर्ध्यानंतर स्वल्पविराम एकमेकांच्या जवळ यायला लागले.

ती पुढे सरकवणार होती. तिचं बोट कळीवर होतं. पडद्याच्या तळाशी तिसऱ्या पानाची वरची कड दिसत होती, पांढरी.

"झालं का?" ओसरीतून बाबा म्हणाले. त्यांचा आवाज उत्सुक होता. "छाप मंग. मोठं छाप, मला समदं दिसलं पायजे."

संध्याने प्रिंटरकडे पाहिलं. शेजारी कागदाचं नवं बंडल होतं, अजून न फोडलेलं.

"कागद संपलेत, बाबा," ती म्हणाली.